सकाळी घेतलेलं माप

तुम्ही सकाळी आलात. माझा आरोप तेवढाच आहे. सकाळी आलात, माप घेतलंत आणि दुपार व्हायच्या आत एका माणसाला नालायक ठरवून मोकळे झालात.

वाघजाईच्या माळावर नऊ वाजता मुख्यालयाहून आलेली तुमची पांढरी गाडी लागली, तेव्हा पवनचक्क्यांची पाती हलत नव्हती. नऊ वर्षांपूर्वीचा आषाढ होता. आमच्या दुष्काळी पट्ट्यात आषाढात पाऊस नसतो, वारा असतो, आणि तो अकराला उठतो. इथल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. तुम्हाला नव्हतं, आणि तुम्ही कुणाला विचारलंही नाहीत.

फायबर लाइनच्या स्टेशनच्या दारात दस्तगीर मुलाणी उभे होते. साठीला आलेला माणूस, धुतलेला सदरा, खिशाला पेन. त्यांनी तुम्हाला नमस्कार घातला. तुम्ही मोबाईलवर बोलत होतात. हात हलवलात. तो उलटा नमस्कार असेल असं चाचांना वाटलं आणि ते हसले. मला खिडकीतून स्पष्ट दिसलं, बाजूला व्हा म्हणून हलवलेला हात होता तो.

मी आत होते. तुम्हाला आठवत नसणार. अलार्म वाजला की रजिस्टरात वेळ लिहिणारी कंत्राटी बाई. अनुसया ठोंबरे, बारावी, गणितात नापास.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. जिल्ह्याच्या गावाहून निघालेली चौऱ्याण्णव किलोमीटरची फायबर विजेच्या मनोऱ्यांवर टांगत टांगत माळ ओलांडून आमच्या स्टेशनात येते. केसाएवढी काच. तिच्यातून प्रकाश येतो आणि त्या प्रकाशात चार तालुक्यांचे दवाखाने, बँका, तहसील सगळं असतं. टोकाला रिसीव्हर नावाची पेटी बसवलेली आहे, ती प्रकाशातून मजकूर वेगळा काढते. त्या वर्षी जूनपासून ही लाइन रोज वारा उठला की मरायची आणि दिवस मावळला की आपोआप जिवंत व्हायची. फायबरचे तुकडे जोडणाऱ्याला आमच्यात जॉइंटर म्हणतात. माळावरचे अकराच्या अकरा जॉइंट दस्तगीरचाचांच्या हातचे होते.

तुम्ही आत येऊन लाइनचं माप घेतलंत, ते चांगलं आलं. मग तुमचा हिशेब सरळ होता. सकाळी लाइन चांगली, वाऱ्यात मरते, म्हणजे वाऱ्यानं जॉइंट उघडतात, म्हणजे जॉइंटर कच्चा. तुम्ही बॅगेतून टाइप केलेला कागद काढलात. ‘माझे जोडकाम निकृष्ट आहे हे मला मान्य आहे.’ खाली सहीची जागा. चाचांना म्हणालात, सही केली तर एकटे तुम्ही काळ्या यादीत जाल. नाही केली तर तुमची आठ जणांची टोळी जाईल. चार वाजेपर्यंत काय ते ठरवा.

चाचांनी कागद वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. तुम्ही तेवढ्यात घड्याळ दोनदा बघितलंत.

मी रजिस्टर घेऊन पुढं आले. त्यात तुमच्या छापील रकान्यांच्या पलीकडे मी पट्टीनं दोन रकाने आखले होते. एकात वारा. वाऱ्याचं यंत्र माझ्याकडं नव्हतं. समोरच्या पवनचक्कीचं पातं मिनिटाला किती फेरे मारतं ते मी मोजायची. दुसऱ्यात लाइन मरताना आत येणाऱ्या प्रकाशाचं माप. एकेचाळीस दिवसांचं लिहिलेलं होतं. मी म्हणाले, साहेब, लाइन मरते तेव्हाही प्रकाश पुरा येतोय. जॉइंट उघडला असता तर प्रकाश कमी झाला असता ना?

तुम्ही रजिस्टर हातातसुद्धा घेतलं नाहीत.

“तुमचं काम काय आहे, ताई?”

“अलार्म लिहायचं.”

“मग अलार्म लिहा. कंत्राटी माणसानं घेतलेलं माप आम्ही धरत नाही.”

आणि तुम्ही खाली विश्रामगृहावर गेलात. जेवण आणि बैठक. तिथून माळावरच्या चुलीचा धूरही दिसत नाही, वारा कुठला दिसायला.

तुमच्या मागं राहिला तुमचा तरुण इंजिनिअर, निखिल सबनीस. चार वाजता सही घेऊन खाली यायचं, एवढं काम त्याला दिलेलं. नोकरीला लागून आठ महिने झालेला पोरगा. लॅपटॉप पोटाशी धरून तो खुर्चीच्या कडेवर बसला, जणू खुर्चीही तुमच्या परवानगीनं वापरायची होती.

चाचांनी कागद टेबलावर पसरला. खिशातलं पेन काढलं, झटकलं, कोपऱ्यात रेघोट्या ओढल्या. शाई उतरेना.

“अनसे, पेन दे तुझं.”

“कशाला?”

“नाचायला. कशाला म्हंजे? सही करायची हाय.”

“देत नाही.”

“आगं, आठ घरं हायत मागं. माझं काय, हात कापाय लागल्यात आता. आज न्हाई तर उद्या मशीन ठेवायचंच हाय खाली.”

हात कापत नव्हते त्यांचे. अकरा जॉइंटच्या अकरा डब्यांत, झाकणाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीनं तारीख आणि जोडात किती प्रकाश वाया गेला त्याचा आकडा त्यांनी लिहिलेला आहे. कुणी सांगितलं नव्हतं. डबा कधी कुणी उघडेल असंही नव्हतं. काचेला धूळ लागू नये म्हणून जोडकाम तंबूत करतात; मी वर्षभर त्यांच्या हाताखाली तिथं बसून ते शिकले, म्हणून मला माहीत. भिंतीत पुरलेल्या विटेवर नाव कोरणारा गवंडी असावा तसा तो माणूस.

मी पेन ओच्यात खोचलं आणि सबनीसला म्हणाले, सर, इकडं या, एक दाखवते.

भिंतीवर खुंटीला जादा फायबरचं वेटोळं टांगलेलं असतं, पुढं कधी लागली तर हाताशी असावी म्हणून. वीसेक मीटर. तिच्यात एकही जॉइंट नसतो. साडेनऊ वाजले होते, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं, लाइन ठणठणीत चालू होती. मी ते वेटोळं हातात धरलं आणि चाळण हलवावी तसं हलवलं.

अलार्म वाजला. लाइन मेली.

हात थांबवला. थोड्या वेळात लाइन परत आली. पुन्हा हलवलं, पुन्हा मेली. प्रकाशाच्या मापाचा काटा जागचा हलला नव्हता.

सबनीस उठून उभा राहिला. त्यानं स्वतः हलवून बघितलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुणी सांगितलं म्हणजे काय? माहितीपुस्तिका होती पेटीबरोबर आलेली, इंग्रजीत, तीनशे पानांची. दोन वर्षं ती कपाटाला टेकू म्हणून होती. मी टेकूला वीट लावली आणि ती घरी नेली. शब्दकोश घेऊन रोज एक पान. जिथं गणित आलं तिथं तालुक्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बारावीचंच पुस्तक पुन्हा आणलं. ज्या गणितानं मला नापास केलं होतं ते तिथं मला पहिल्यांदा कळलं, कारण तिथं ते कशाला तरी लागत होतं.

मी त्याला सांगितलं ते असं. फायबरमधून प्रकाशाच्या दोन लाटा एकमेकींना काटकोनात धरून धावतात. दोघींवर वेगळा मजकूर. तार हलली, पिळली की दोघी एकमेकींत मिसळतात. प्रकाश कमी होत नाही, गोंधळ होतो. रिसीव्हरनं तो पीळ ओळखून उलटा सोडवायचा असतो. ओळखणार कसा? म्हणून पाठवणारा मजकुराच्या मधेमधे ठरलेल्या खुणा पेरतो. काय पाठवलं ते आधीच माहीत असलेल्या. त्या खुणा पोचताना कशा वेड्यावाकड्या झाल्या ते बघून रिसीव्हर वाटेचा अंदाज बांधतो, आणि त्या अंदाजानं बाकीचा मजकूर सरळ करतो.

“पण खुणांवरही रेडिओसारखी खरखर असते,” सबनीस म्हणाला. आता तो खुर्चीच्या कडेवर नव्हता. “एकाच खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून खूप खुणांची सरासरी घेतात.”

“किती?”

त्यानं लॅपटॉप जोडला. “पाचशे बारा.”

“पाचशे बारा खुणा येईपर्यंत तार कुठल्या कुठं गेलेली असते, सर. रिसीव्हर वाट सोडवतोय ती मगाची. पाचशे बारा ठरवलं कुणी?”

“मुख्यालयाच्या प्रयोगशाळेत ठरलं. शंभर किलोमीटर फायबरवर चाचणी घेऊन.”

“ती फायबर कशावर होती?”

त्यानं लॅपटॉपवरून बोटं उचलली. मग म्हणाला, “चक्रीवर गुंडाळलेली. टेबलावर.”

“आणि ते टेबल वाऱ्यात होतं का?” चाचांनी विचारलं. त्यांना हे सगळं कळत होतं असं नाही, पण टेबल कळलं होतं.

सबनीसला हसू आलं आणि लगेच गेलं. आकडा बदलायला तुमची लेखी परवानगी लागते, तो म्हणाला. त्याची नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी त्याला धीर दिला नाही. धीर देण्याइतकी मी भली नाही. मी म्हणाले, सर, चार वाजता खाली जाऊन तुम्ही तो कागद साहेबांच्या हातात देणार. त्यावरचं खोटं आहे हे आता तुम्हाला माहीत आहे. मघाशी नव्हतं.

त्यानं स्क्रीन स्वतःकडं वळवली. मग विचारलं, किती करू?

आणि इथं मी माती खाल्ली. तेही लिहिते, कारण तुम्ही तुमची चूक कधी लिहिली नाहीत.

मी म्हणाले, एक करा. प्रत्येक खुणेला नवा अंदाज. म्हणजे रिसीव्हर कधी मागं पडणारच नाही.

त्यानं एक केला. वारा नव्हता, कुणी वेटोळं हलवत नव्हतं, तरी लाइन जागच्या जागी कोसळली. स्क्रीनवर चांगली लाइन असली की चार ठिपके चार कोपऱ्यांत नीट बसलेले दिसतात. त्यांचा मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखा चिखल झाला. एका खुणेवरची खरखर रिसीव्हरनं वाटच समजून घेतली होती. चार तालुके सकाळी दहा वाजता बंद, आणि ते बंद पाडले आम्ही. सबनीसनं घाईघाईनं पाचशे बारा परत टाकला. मला तोंड वर करवेना.

“झालं समाधान?” चाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

अकराला वारा उठला. आधी पत्रा वाजला, मग तारा. समोरचं पातं हललं, फिरलं, धरून फिरायला लागलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी अलार्म झाला आणि लाइन मेली, रोजच्यासारखी. मी रजिस्टरात वेळ लिहिली. माझं कामच ते.

मान वर केली तर सबनीसचं पेन टेबलावर पडलेलं, आणि चाचांचा हात त्यावर.

सबनीस बाहेर निघून गेला होता. समोर सही होत असताना त्याला आत बसवत नव्हतं, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. तेवढ्यात मनोऱ्याखालून घुंगरांचा आवाज आला. आबा. माझा बाप, बिरा ठोंबरे, मेंढरं पाण्याला घेऊन निघालेला. रोज त्याच वेळी तो स्टेशनवरून जातो आणि रोज माझ्याकडं बघत नाही. पोरगी नोकरीवर असताना हाक मारू नये, अशी त्याची समजूत. त्या दिवशी मात्र दारात परका माणूस दिसला म्हणून थांबला.

वाऱ्यात बोलणं आत ऐकू येत होतं. सबनीसनं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, किती आहेत?

“हायत दोनशेच्या वर.”

“रोज मोजता?”

“सकाळी सोडताना मोजतो. त्यो आकडा सकाळचा. दुपारी लांडगा येतो, त्याला सकाळचा आकडा दाखवून काय करू?”

सबनीस हसला. “मग चालताना कसं कळतं कुणी कमी झालं ते?”

“काळ्या कळपात पांढऱ्या किती दिसत्यात तुमास्नी?”

“आहेत सात-आठ.”

“नऊ हायत. मुद्दाम ठिवल्यात. कोण पुढं चालती, कोण मागं ऱ्हाती, समदं ठावं हाय. मी दोनशे बघत न्हाई. नऊ बघतो. पांढरी जागा सोडून गेली का तिथली काळी बी हललीत समजायचं.”

चाचांचा हात थांबला होता का, मला आठवत नाही. मी दाराबाहेर बघत होते. जन्मापासून बघत आले होते मी त्या पांढऱ्या मेंढ्या. ठरलेल्या खुणा, मधेमधे पेरलेल्या. पुस्तिकेची तीनशे पानं शब्दकोश घेऊन वाचली आणि बापाला कधी विचारलं नाही. म्हणजे तुमच्यात आणि माझ्यात तेव्हा फार फरक नव्हता.

मी दाराशी गेले. “आबा, तू दर पावलाला बघतोस का पांढऱ्यांकडं?”

मी बोलले याचंच त्याला नवल वाटलं. “येडी का खुळी तू? पावला-पावलाला मागं बघितलं तर चालायचं कवा? आन् येकादी पांढरी बोरीआड मुतायला थांबती. तेवढ्यावरनं कळप गेला म्हणून बोंबलायचं? चार-पाच बघायच्या, मग ठरवायचं.”

“आणि किती वेळानं?”

“वाट बघून. सपाटीला दमानं. ओढ्यात, वाऱ्यात बिगीबिगी. ह्ये काय इचारायचं हाय?”

तो मेंढरं घेऊन पुढं गेला. सबनीस आणि मी एकमेकांकडं बघत होतो.

“पाचशे बाराही नाही आणि एकही नाही,” तो म्हणाला.

“चार-पाच,” मी म्हणाले.

“चार-पाच कमी पडतील. आपली खरखर मेंढ्यांपेक्षा जास्त आहे.” तो आत पळाला. खरंच पळाला. लॅपटॉपवर भराभर गुणाकार केले, पुटपुटला, खोडलं. मी शेजारी उभं राहून पातं मोजत होते, मिनिटाला सतरा फेरे. मी म्हणाले वारा आणखी चढणार, दोन वाजता बावीसवर जातो, त्या हिशेबानं धरा. माझ्या रकान्यातला आकडा पहिल्यांदा कुणीतरी विचारात घेतला.

त्यानं सोळा टाकला.

स्क्रीनवरचा चिखल हलला. मग फाटला. मग कोपऱ्यांकडं सरकला, रात्रभर पांगलेली मेंढरं हाकेसरशी चार वाड्यांत परतावीत तसा. ठिपके टोकदार नव्हते, जरा जाडसर होते. किरकोळ चुका होत होत्या, पण त्या सुधारण्याची सोय पेटीत असतेच. अलार्मचा लाल दिवा विझला.

बाहेर पत्रा आपटत होता आणि लाइन चालू होती. जूनपासून पहिल्यांदा.

चाचा उठले, खुंटीजवळ गेले, वेटोळं काढलं आणि जितकं जोरात हलवता येईल तितकं हलवलं. दम लागेपर्यंत. दिवा विझलेलाच राहिला. मग त्यांनी वेटोळं नीट खुंटीला लावलं, त्याचा पीळ हातानं सरळ केला आणि सबनीसचं पेन त्याच्या खिशाला परत लावलं.

“साहेब, तुमचं पेन.”

“सही?”

“करत न्हाई. काळी यादी काय, हिरवी यादी काय, घाला कशातबी. माझं जॉइंट चांगलं हायत.”

त्यांचा आवाज कापत होता. हात नव्हते कापत.

दोन वाजता पातं बावीसवर गेलं. लाइन चालू. तीनला तेवीस. चालू. चार वाजता सबनीसनं तुम्हाला फोन लावला. साहेब, वर या, वाऱ्यात बघा, जॉइंटचा काही संबंध नाही, आकडा बदललाय, असं त्यानं एका दमात सांगितलं. फोन स्पीकरवर होता. तुम्ही विचारलंत, “लाइन चालू आहे ना?” तो हो म्हणाला. “मग झालं तर. सहीचं राहू दे. खाली ये.”

तो निघताना मी त्याला चहा दिला. त्यानं माझ्या रजिस्टराच्या एकेचाळीस दिवसांच्या पानांचे मोबाईलवर फोटो घेतले. म्हणाला, मॅडम, हे जपून ठेवा. मला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस. चाचा पुढं वर्षभर मला त्यावरून चिडवायचे, मॅडम, जरा पकड द्या.

त्या दिवशी आम्हाला वाटलं की जिंकलो. आठ घरं वाचली, सही झाली नाही, लाइन चालली. ती आजही चालते. सोळावरच चालते. दोन वर्षांनी मुख्यालयाचं परिपत्रक आलं, टांगत्या तारांसाठी ‘सुधारित आकडा’. खाली तुमची सही होती. त्याचंही मला काही वाटलं नाही. आकडा बरोबर होता ना, सही कुणाची का असेना.

मग मी आज का लिहितेय?

सबनीस आता तुमच्याकडं नाही, दुसरीकडं मोठ्या कामावर आहे. तरी फोन करतो, पुस्तकं पाठवतो. कंत्राट संपल्यावर मी आणि चाचांनी माळाखालच्या गावात जोडकाम शिकवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी तीन पोरी होत्या, आता नऊ आहेत. चाचांची सून शाहीन त्यांच्यात सगळ्यात तयार. डोळे मिटून काच कापते म्हटलं तरी चालेल. चाचा सत्तरीला टेकलेत, तंबूच्या दारात बसून नुसतं बघतात, आणि जोड चांगला झाला की सुपारी कातरायला घेतात. झाकणाच्या आत पेन्सिलीनं आकडा लिहायची पद्धत आमच्यात सक्तीची आहे. परवा आबा येऊन बघून गेला. म्हणाला, नऊ? बरोबर हायत.

या वर्षी माळावरून दुसरी लाइन जाणार आहे. आम्ही नऊ जणींनी जोडकामासाठी अर्ज केला. तुमच्या कचेरीतून नकार आला. कारण दिलंय: ‘प्रशिक्षक श्री. मुलाणी यांच्या कामाबाबत पूर्वीचा प्रतिकूल शेरा.’

मी तो शेरा माहितीच्या अधिकारात मागवला. नऊ वर्षांपूर्वीची ती तारीख, तुमचं अक्षर. ‘जोडकाम निकृष्ट आढळले. समज दिल्यानंतर त्याच दिवशी जॉइंटरकडून दुरुस्त करून घेतले. लाइन सुरळीत.’

त्या दिवशी एका जॉइंटला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. अकरा डबे अजून मनोऱ्यांवर आहेत, नऊ वर्षांत एकही उघडावा लागलेला नाही. म्हणजे वर लाइन चालू झाली होती, तुमचाच माणूस फोनवर खरं सांगत होता, आणि तुम्ही खाली बसून सकाळचं माप कागदावर पक्कं करत होतात. रिसीव्हर बिचारी पेटी आहे. तिला आकडा बदलून दिला की ती नवी वाट बघते. तुमच्यातला आकडा कुणी बदलायचा?

चाचांना मी शेरा दाखवला नव्हता. शाहीननं दाखवला. त्यांनी सावकाश वाचला, नेहमीसारखा. मग म्हणाले, “अनसे, आता पेन दे तुझं.” मी घाबरले. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि आमच्या नव्या अर्जावर, प्रशिक्षकाच्या रकान्यात, स्वतःचं नाव पुन्हा लिहिलं. पूर्ण नाव. दस्तगीर इमाम मुलाणी. “नाव काडायचं न्हाई,” म्हणाले. “शेरा त्यांनी काडायचा.”

तो अर्ज या लिखाणासोबत जोडला आहे. रजिस्टरची एकेचाळीस दिवसांची पानंही जोडली आहेत, सबनीस सरांची लेखी साक्षही. कुठली शिफारस नको, दया नको. माप घ्या. आमच्या नऊ जणींचं घ्या, चाचांचं घ्या, अकराच्या अकरा डबे उघडून झाकणावरचे आकडे ताडून बघा.

आषाढ तीन आठवड्यांवर आलाय. वारा अकराला उठतो, दोनला भरात असतो. दुपारी दोन वाजता वाघजाईच्या माळावर या. आम्ही तंबू लावून बसलेल्या असू.

कोणत्या तारखेला येताय?